पंचामृत प्यायलेली रायफल

पोलिसात होतो म्हटलं की बसमध्ये लोक सरकून जागा देतात. पोलिसात बंदुकांच्या दुरुस्तीला होतो म्हटलं की तीच माणसं परत सरकून जवळ येतात आणि कानाशी लागून विचारतात, "काका, किती उडवले?"

एकही नाही. बत्तीस वर्षांत चिमणीसुद्धा नाही. मी आर्मरर होतो. म्हणजे शिपायांच्या रायफली उघडायच्या, पुसायच्या, मोडलेली स्प्रिंग बदलायची, नळीत डोकावायचं आणि चालेल की नाही ते कागदावर लिहून सही करायची. सायकलवाला करतो तेच काम. फरक एवढाच की सायकलवाल्याची चूक झाली तर गिऱ्हाइकाचा गुडघा फुटतो, माझी चूक झाली तर गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही.

शिपायांच्या रायफलींनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो लोकांच्या घरातल्या म्हाताऱ्या रायफलींनी. आमचा बीदर-कलबुर्गीचा पट्टा जुन्या निजामशाहीतला. संस्थान गेलं, फौज गेली, पण फौजेच्या रायफली ह्या ना त्या वाटेनं पाटला-देशमुखांच्या खुंटीला येऊन बसल्या. काहींना रीतसर परवाना होता, काहींना नुसता रुबाब. निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि मग ठाण्याच्या व्हरांड्यात ह्या म्हाताऱ्यांचं संमेलन भरायचं. कुणी झबलं शिवून घातलेल्या, कुणी मोत्यांच्या माळा घातलेल्या. माझा तो हंगाम. प्रत्येकीच्या नळीत डोकावायचं आणि काय निघतंय ते बघायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की बंदूक जुनी झाली म्हणजे तिची ताकद कमी होते. तसं नसतं. ताकद दारूत असते, बंदूक म्हणजे फक्त ती आग कोंडायचं भांडं. भांडं सत्तर-ऐंशी वर्षांत गंजतं, पातळ होतं, सांध्यात सैल होतं. आग मात्र रोज नवी असते. आणि आगीला पुढची वाट मोकळी मिळाली नाही की ती मागं फिरते. मागं काय असतं? आपला गाल. एवढं एक वाक्य मी आयुष्यभर मराठीत, कानडीत आणि दखनीत सांगत फिरलो. ऐकून लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन करायचं तेच करायचे.

खजुरीकडच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. ह्याला तपकिरीचं व्यसन, आणि म्हातारीला तपकिरीचा तिटकारा. घरात कुठंही लपवली तरी ती शोधून उकिरड्यावर फेकायची. एकाच वस्तूला तिचा हात लागत नव्हता, ती म्हणजे खुंटीवरची लष्करी रायफल. ह्यानं तपकिरीची पुडी नळीच्या तोंडात खोचून ठेवायला सुरुवात केली. वर्ष-दीड वर्ष संसार सुखाचा झाला. मग एका सकाळी उसात रानडुकरं शिरली. म्हातारा रायफल घेऊन पळाला आणि पुडी काढायची विसरला.

त्यानं माझ्यासमोर ती ठेवली तेव्हा नळी तोंडापासून वीतभर खाली टम्म फुगलेली होती.

"साहेब, हे जरा ठोकून बसवून द्या."

"आज्जोबा, ही पोटुशी हाय. हिला आता घरातच ठेवा, परत बार काढू नका. फुटली असती म्हंजी?"

"न्हाई फुटली की!"

"आन डुक्कर?"

"डुक्कर शिंकत गेलं," म्हातारा म्हणाला. "पर साहेब, म्हातारीला सांगू नका."

नळीत तपकीर ठेवणारा मला एकच भेटला, पण कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेल्या नळ्या मी कितीतरी पाहिल्या. दहा बंदुकांत एक तरी निघायचीच. मालकाला पत्ता नसतो. तो फक्त बाहेरून तेल लावून चकचकीत ठेवतो.

दुसरा प्रकार काडतुसांचा. जुन्या रायफलीचं काडतूस बाजारात मिळत नाही, मग जे मिळतं ते बसवून बघायचं. मंठाळकडच्या एका गृहस्थांनी असंच कुठलंसं काडतूस आणलं, ते सैल बसत होतं, तर त्यावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ते घट्ट केलं. वर मला दाखवायला आणलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी म्हटलं, "देवळाबाहेरची चप्पल पायात बसली म्हणून आपली होत न्हाई. तुम्ही तर चपलीत कागद कोंबून पाय बसवलाव." ते म्हणाले, "चालायला येतंय की." मी ते काडतूस ठाण्यात जमा केलं. पुढं सहा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

ह्या सगळ्या गमती मी रंगवून सांगतो खरा. पण एक गोष्ट रंगवता येत नाही, ती आधी सांगून टाकतो. हुमनाबादच्या बाजूला हायवेवर एकाचा ढाबा आहे. त्याच्याकडं आजोबांची लष्करी रायफल होती. परवान्याच्या नूतनीकरणाला माझी तपासणी लागायची. मी गेलो, त्यानं आग्रहानं जेवू घातलं, रायफल बाहेरून आरशासारखी होती. मी नळीतून बघितलं, पण मागचा सांधा मापून बघायचा कंटाळा केला. उन्हाचं जेवण अंगावर आलं होतं. सही केली. तीन महिन्यांनी नातवाच्या बारशाला त्यानं बार काढला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो अजून भेटला की म्हणतो, "चूक माझीच, साहेब." आणि त्याच हातानं वाढतो. मला तिथली भाकरी गिळवत नाही. चूक त्याची नव्हती. त्या दिवसापासून मी सही करताना जेवत नाही आणि जेवल्यावर सही करत नाही.

आता काळव्वाची गोष्ट.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. महानवमीच्या आदल्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज, एकदम हळू.

"तम्मा, मी गौरक्का बोलतेय."

आमच्याकडं कानडीतनं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. गौरक्का आमच्या गावची लेक. ती लिंगायताच्या घरची, मी बौद्धवाड्यातला. पण माहेरच्या गावचं कुत्रंसुद्धा बाईला भाऊ वाटतं, आणि मी तर शाळेत तिच्या दोन वर्ग मागं होतो. लग्न होऊन ती मंठाळच्या पलीकडं एका गावच्या पाटलांकडं गेली. ते शरणप्पा पाटील. सगळा गाव त्यांना अप्पा म्हणतो.

"उद्या हत्याराची पूजा हाय. तू ये."

"कामून गं अक्का? काय झालं?"

"काय न्हाई. तू नुसता ये. आन मी बोलावलं मनू नको."

गेलो. पाटलांची सून मला बघून चहा टाकायला आत गेली, आणि मी ओसरीवर बघतच राहिलो. पाटावर रेशमी खण अंथरलेला, त्यावर लष्करी रायफल. नळीवर राजमुकुटाचा शिक्का, चापाखाली लोखंडी दांडा. तो दांडा खाली ओढला की मागचा ठोकळा खाली बसतो, तिथं एक काडतूस सारायचं, दांडा वर, आणि बार. एका वेळी एकच. निजामाच्या फौजेतून अप्पांच्या आजोबांकडं आलेली. नाव काळव्वा. कपाळाच्या जागी कुंकू, दस्त्याला हळद, नळीला गजरा.

इथवर मला नवल नव्हतं. हळदीकुंकवानं बंदूक मरत नाही. पण मग गावच्या स्वामींनी काळव्वाला तोंड वर करून उभी धरली, दांडा खाली ओढला, आणि एखाद्या जावळाच्या बाळाला औषध पाजावं तसं नळीच्या तोंडात पंचामृत ओतायला सुरुवात केली. आधी दूध, मग दही, तूप, मध, साखर. मागच्या भोकाखाली तांब्याचं भांडं धरलेलं. त्यात ते सगळं गळून आलं, जाताना पांढरं आणि येताना विटकरी. स्वामींनी पळीनं सगळ्यांच्या हातावर तीर्थ द्यायला सुरुवात केली.

"हे दरसाल करताव?" मी ओरडलो. अप्पांना ओरडूनच सांगावं लागायचं, तेही डाव्या बाजूनं.

"आज्ज्यापासून!" अप्पांनी छाती काढली.

पळी माझ्यापाशी आली. मी हात जोडले, आमच्यात तीर्थ घेत नाहीत म्हणून सांगितलं. धम्माचे माझ्या कुळावर पुष्कळ उपकार आहेत, त्यात हाही एक धरावा.

पूजा आटोपल्यावर मी अप्पांना म्हटलं, जरा आतून बघू द्या. त्यांना माझा धंदा माहीत होता. हसले आणि काळव्वा माझ्या मांडीवर ठेवली. त्या ओसरीवर आमच्या वाड्यातला माणूस बसला आणि घरची देवी त्याच्या मांडीवर, हे बघून दारातले दोन म्हातारे चुळबुळले. तेही मी बघितलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग नळीत बॅटरी मारली आणि बरं वाटणं संपलं.

साठ-सत्तर नवम्यांचं दही त्या लोखंडाला लागलं होतं. आतून नळी देवीचे वण आल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. त्या खड्ड्यांत मध-साखरेचा काळा थर, नखानं निघत नाही असा. आणि सगळं गळून जिथं साचतं तिथं, म्हणजे काडतुसाच्या मागल्या घरात, सगळ्यात जास्त गंज. नेमकं तिथंच आग कोंडलेली असते. ठोकळ्याच्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ दिसली. रेघ म्हणजे तडा.

"अप्पा, बार कधी काढताव?"

"उद्या. बन्नीपाशी. ठाण्याला कळवलंय."

आमच्याकडं दसऱ्याला गावाबाहेरच्या शमीच्या झाडापाशी पालखी जाते. शमीला आम्ही बन्नी म्हणतो. तिची पानं सोनं म्हणून वाटायची. त्या गावची चाल अशी, की पाटलांनी काळव्वा खांद्याला लावून हवेत बार काढल्याशिवाय कुणी बन्नीला हात लावायचा नाही. आता असा सणाचा बार काढणं सरळ गुन्हा आहे, आणि तेव्हाही शहाणपणाचं नव्हतंच. पण मला कायद्याची नाही, त्या रेघेची धास्ती बसली.

"इतकी वर्सं कशी टिकली, तेच कळंना मला," मी म्हटलं.

"तीर्थामुळं," अप्पा म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं, ते त्यांच्या जावयाकडून कळलं. जावईबापू मल्लिनाथ हैदराबादला बांधकामाच्या धंद्यात. गोरे, गुबगुबीत, हौशी. आतापर्यंत बाराची दारू गावातला एक म्हातारा दारूकाम करणारा भरून द्यायचा. काळी दारू, तीही चिमटीनं. पुढं गोळी नाही, नुसता आवाज. तो म्हातारा उन्हाळ्यात वारला.

"मग औंदा?" मी विचारलं.

"मी हाय की, काका!" जावईबापूंनी खिशातून जुन्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या काढल्या. रिकाम्या नव्हत्या. "मित्राकडनं छऱ्याची नवी काडतुसं घेतली. फोडली, त्यातली दारू ह्यात भरली. गच्च. वरून कागदाचा बोळा. औंदा असा बार होईल का न्हाई, हुमनाबादपर्यंत ऐकू जाईल!"

मी हातातला चहा खाली ठेवला. काळी दारू म्हणजे चुलीतलं लाकूड, जेवढं जळायचं तेवढंच जळतं. नवी दारू कोंडली की तिचा जोर वाढत जातो, वाढत जातो, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा. धडधाकट काळव्वालासुद्धा ती सोसली नसती. इथं तर गंजलेली, तडकलेली, मधाचा लेप दिलेली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्तरी ओलांडलेले अप्पा तिच्यावर गाल टेकवणार होते.

"अप्पा," मी जमेल तेवढ्या मोठ्यानं आणि जमेल तेवढ्या अदबीनं म्हटलं, "ही फुटंल. तोंड जाईल तुमचं."

"माझ्या आज्ज्यानं काढला. बानं काढला. मी चाळीस वर्सं काढायलोय. तोंड हाय की अजून!"

"औंदा दारू बदललीय."

"तू भ्यालास व्हय रं?"

"व्हय, भ्यालो! बत्तीस वर्सं भ्यायचाच पगार घेतलाय मी!"

ओसरीवर सगळे हसले. अप्पाही हसले. दाराआड गौरक्का उभी होती, ती तेवढी हसली नाही. तिच्याकडं बघून मला ढाबेवाल्याचा हात आठवला, आणि मी ठरवलं की माझा अपमान झाला तर होऊ दे, पण इथून तसंच उठायचं नाही.

"अप्पा, तुम्हाला तिच्यावर भरवसा हाय न्हवं? मग आज तिला एकटीला बार काढू द्या. आमच्यात नव्या बंदुकीची परीक्षा अशीच घेत्यात. बांधून ठेवायची, लांबून दोरी वडायची. ह्याच दारूचे तीन बार तिनं सोसले, तर उद्या मी तुमच्या उजव्या अंगाला, गालाला गाल लावून उभा राहतो."

तीन का म्हटलं, तर एकदा टिकली म्हणजे पुन्हा टिकेल असं ह्या धंद्यात धरत नाहीत. अप्पांना वाटलं मी घाबरून तीन म्हणालो. "पाच घे!" ते म्हणाले. सौदा पक्का झाला.

तिसऱ्या प्रहरी अख्खा गाव पाटलांच्या मळ्यात. जत्राच भरली. मी सगळ्यांना दगडी बांधाच्या आड बसवलं, तोंडं खाली घालून. ट्रॅक्टरचं जुनं टायर उभं करून त्यात काळव्वा आवळली, तोंड मोकळ्या मातीच्या ढिगाकडं. म्हशीचं दावं चापाला बांधून बांधापर्यंत आणलं. पूजेतला एक कोहळा फोडायचा राहिला होता, नजर उतरवायचा. मी तो मागून घेतला आणि दस्त्यावर जिथं माणसाचा गाल येतो तिथं बसवला. गावातल्या टवाळांना तेवढंच हवं होतं. कुणीतरी अप्पांचा रुमाल मागून आणला आणि कोहळ्याला फेटा बांधला. कोळशानं मिशाही काढल्या. "अप्पा, अप्पा!" म्हणून शिट्ट्या. अप्पा बांधाआडनं हात हलवत होते.

मी काडतूस सारलं, परत आलो, दावं ओढलं. दावं तुटलं.

हशा. नवं दावं आणलं. ओढलं. टक् असा आवाज आला आणि पुढं काहीच नाही.

"विझली जनू," म्हणत अप्पा उठायला लागले. जुन्या दारूगोळ्याशी खेळणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक ती हीच. बार उडाला नाही म्हणजे मेला असं नसतं, कधी कधी तो आत धुमसत असतो. आणि माणूस नेमका तेव्हाच वाकून बघायला जातो. मी अप्पांचं धोतर धरलं. ते पुढं, मी मागं, धोतर मधे. शेवटी धोतर माझ्या हातात आलं आणि अप्पा आपोआप खाली बसले.

"मोजा!" मी ओरडलो. "शंभरापर्यंत!"

गावानं मोजलं. अर्ध्यांनी मराठीत, अर्ध्यांनी कानडीत, त्यामुळं शंभर दोनदा आले. मग मी उठलो. सांगतो, बत्तीस वर्षांत एवढी लांब वाट चाललो नव्हतो. बाजूनं गेलो, तोंड वळवून दांडा खाली ओढला. काडतुसाची मागची ठिणगीची टोपीच मधानं चिकट झाली होती. ते काढून दुसरं घातलं, परत आलो. चाल भ्यालेली दिसू नये म्हणून जरा लंगडल्यासारखं केलं.

तिसऱ्यांदा दावं ओढलं.

तो आवाज बाराचा नव्हता. बार लांब जातो. हा आवाज आमच्या अंगावर आला. बांधावरची माती पोरांच्या डोक्यात पडली, म्हशी दावी तोडून पळाल्या, आणि मग एकदम इतकी शांतता, की लांबचा हायवे ऐकू यायला लागला.

धूर विरल्यावर उठून बघितलं. नळी पुढं मातीत पडलेली. मागचं लोखंड केळाच्या सालीसारखं उकललेलं. दस्त्याचे दोन तुकडे. ठोकळा सापडला नाही, तो दुसऱ्या दिवशी मागच्या बाभळीच्या खोडात रुतलेला दिसला. कोहळा अर्धाच राहिला होता. उजवी बाजू नव्हती. डावीकडची कोळशाची मिशी तेवढी शाबूत होती.

मिशा काढणारा टवाळ बोटांचा कोळसा पुसायला लागला. जावईबापू "नक्को, नक्को" एवढंच म्हणत राहिले. अप्पा टायरपाशी गेले. त्या अर्ध्या कोहळ्याकडं बघत उभे राहिले. हात आपोआप उजव्या गालावर गेला, चाचपून परत खाली आला. माझं खरं ठरलं होतं, पण मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. तीन पिढ्यांची त्यांची देवी माझ्या दाव्यानं फुटली होती. मी म्हटलं, "अप्पा, माफ करा." त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. रात्री ते जेवले नाहीत म्हणे. तुकडे मी गोणीत भरून, पंचनामा करवून ठाण्यात जमा केले.

दसऱ्याला मी घरी जायला निघालो होतो, गौरक्कानं जाऊ दिलं नाही. संध्याकाळी पालखी बन्नीपाशी पोहोचली. वाजंत्री थांबली. दरवर्षी इथं बार व्हायचा. आता सगळे अप्पांकडं बघायलेत आणि अप्पा जमिनीकडं. उघड्या डोक्यानं, रिकाम्या हातानं उभे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. 

"अप्पा, बार?" स्वामींनी विचारलं.

कुणी म्हणालं, सुतळी बॉम्ब लावू. जावईबापू लगेच म्हणाले, "माझ्या गाडीत हायेत!" म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, बार नाही तर बन्नी नाही, चाल मोडायची नाही. कुजबुज वाढायला लागली. सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडं वळल्या. मी बसचा टाइम आठवायला लागलो.

"बार?" अप्पा एकदम म्हणाले. ते बोलले की सगळ्या माळाला ऐकू जायचं. "बार काल झाला की! अख्ख्या गावानं ऐकला. मलाबी ऐकू आला!"

आणि सरळ पुढं होऊन त्यांनी बन्नीची डहाळी तोडली. पहिलं सोनं देवाला. दुसरं पान हातात धरून ते पुरुषांच्या गर्दीतून बाहेर आले आणि बायका उभ्या होत्या तिकडं चालायला लागले. असं कुणी करत नाही. बायका मागं सरकल्या. गौरक्का एकटी पुढं राहिली. अप्पांनी ते पान तिच्या हातावर ठेवलं आणि दसऱ्याला आमच्याकडं कानडीत म्हणतात ते म्हणाले, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या.

गौरक्कानं पान कपाळाला लावलं. रडायलाच लागली.

"चाळीस वर्सं," ती म्हणाली, "चाळीस वर्सं ह्या टायमाला मी दाराआड उभी राहायची. बार झाला, आन मागनं तुमचा आवाज आला, की मंगच पाणी गिळायची. तवर घोट उतरायचा न्हाई. आज दुपारीच पोटभर पाणी प्याले."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"मग कामून सांगितलं न्हाईस?" ते म्हणाले. "एवढी वर्सं कामून सांगितलं न्हाईस गं?"

"सांगितलं न्हाई?" गौरक्कानं पदरानं नाक पुसलं आणि तिचा सगळा हळू आवाज गेला. "दरसाल सांगितलं! ओरडून ओरडून सांगितलं! तुमचा कानच त्या बारानं गेल्याला, त्याला मी काय करू?"

अप्पांनी उजव्या कानामागं हात धरला.

"काय मनलीस?"

अक्का त्यांना वळसा घालून डाव्या बाजूला गेली, टाचा उंच केल्या, आणि अख्ख्या गावादेखत चाळीस वर्षांचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.